सूर्य पेटला, पण बिल किती आलं?

‘लॅबमध्ये सूर्य पेटवला, आता वीजच वीज!’ टाइपचं फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर येऊन गेलं असेलच. बातमी खोटी नाहीये. फक्त तिचा हिशेब कुठून सुरू केलाय, ते बघायला हवं.

५ डिसेंबर २०२२. कॅलिफोर्नियातल्या ‘नॅशनल इग्निशन फॅसिलिटी’मध्ये १९२ लेझर झोत एका चिमुकल्या नळकांड्यात शिरले. त्याच्या भिंतींतून क्ष-किरण निघाले आणि आतली मिरीच्या दाण्याएवढी हायड्रोजन इंधनाची गोळी चहूबाजूंनी दाबली गेली. इतकी, की इंधनाचा शिशाहूनही दाट प्लाझ्मा झाला आणि अणुकेंद्रकं एकमेकांत विलीन झाली. टार्गेटवर पडली २.०५ मेगाज्यूल ऊर्जा, बाहेर आली ३.१५. जगात पहिल्यांदाच!

आता हेच घरच्या मीटरच्या भाषेत बघा. ३.१५ मेगाज्यूल म्हणजे एक युनिटही नाही. आणि लेझर चालवायला वीज लागली साधारण ३०० मेगाज्यूल, म्हणजे सुमारे ८३ युनिट! हेडलाइनमधला ‘फायदा’ फक्त टार्गेटपुरता आहे. २०२५ मध्ये तिथे ८.६ मेगाज्यूलपर्यंत मजल गेली, तरी बिल फिटायला अजून बराच पल्ला आहे. शिवाय वीजकेंद्रासाठी असे शॉट सेकंदाला दहाएक तरी लागतील. तिथे दिवसाला एखाद-दुसराच होतो.

मग सगळा फुगाच का? अजिबात नाही. खरी अडचण आहे ती ऊर्जा आत पोचवण्याची. लेझरचा प्रकाश दाट प्लाझ्मात थेट घुसत नाही. एका ठरावीक घनतेपाशी तो परत फिरतो. तिथून पुढे ऊर्जा न्यायची ती इलेक्ट्रॉन किंवा क्ष-किरणांनी, आणि वाटेत गळती ठरलेलीच. ही वाट समजून घेण्याचं काम आपल्या कुलाब्यातही चालतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतिशय तीव्र, क्षणार्धाहूनही छोट्या लेझर स्पंदांनी असा प्लाझ्मा तयार करून त्यातले इलेक्ट्रॉन आणि चुंबकीय क्षेत्रं अभ्यासली जातात. याच विषयातल्या कामासाठी तिथले जी. रवींद्र कुमार यांना २०१५ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

आणखी एक गोष्ट फॉरवर्डमध्ये नसते. कॅलिफोर्नियातल्या त्या यंत्राचा पैसा मुख्यतः अमेरिकेच्या अण्वस्त्र कार्यक्रमातून येतो. १९९२ नंतर अमेरिकेने अणुचाचणी केलेली नाही. साठ्यातली शस्त्रं नीट आहेत का, हे असल्या प्रयोगांवरून तपासलं जातं. स्वच्छ वीज हे स्वप्न खरंच आहे, पण ते यंत्र उभं राहिलं ते आधी यासाठी.

म्हणून पुढच्या वेळी ‘फ्यूजनमध्ये क्रांती’ वाचलंत, की तीन गोष्टी शोधा : ऊर्जा कुठून कुठपर्यंत मोजली, दिवसाला किती शॉट झाले आणि पैसे कुणी दिले. उत्तरं मिळाली, तर बिनधास्त शेअर करा!