आकडा वाढला, रुग्णाचे काय?

दीर्घकालीन आजारावरील औषधाचे यश कशाने मोजावे, हा प्रश्न केवळ वैद्यकशास्त्राचा नाही. रक्ततपासणीतला आकडा सुधारला की औषध लागू पडले, असे मानण्याची रीत आहे. आकडा लवकर हाती येतो. पक्षाघात आणि मृत्यू यांचा हिशेब मांडायला हजारो रुग्ण व कित्येक वर्षे लागतात. परंतु धान्याचे उत्पादन वाढले म्हणून प्रत्येक ताटात भाकरी पडतेच असे नाही.

२००९ साली प्रसिद्ध झालेली ‘ट्रीट’ ही चाचणी या दृष्टीने बोधप्रद आहे. मधुमेह, मूत्रपिंडविकार आणि रक्तक्षय असलेले २४ देशांतील ४,०३८ रुग्ण तीत होते. निम्म्यांचे हिमोग्लोबिन डार्बेपोएटिन देऊन १३ पर्यंत नेण्याचे ठरले. उरलेल्यांना ते ९ च्या खाली गेले तरच औषध मिळे. आकडा वाढला. थकवा थोडा ओसरला, रक्त चढवण्याची गरजही घटली. मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. आणि पक्षाघात पहिल्या गटात १०१ जणांना, तर दुसऱ्यात ५३ जणांना झाला.

म्हणून तपासण्या निरर्थक ठरत नाहीत. रक्तदाब उतरवल्याने पक्षाघात टळतात, हे सिद्ध झालेले आहे. पण तो आकडा विश्वासास पात्र ठरला तो या कसोटीला उतरल्यावरच. सार्वजनिक पैशातून औषधे खरेदी करणाऱ्यांनी प्रत्येक नव्या औषधाला हीच कसोटी लावली पाहिजे: किती पक्षाघात टळले, किती माणसे जगली?