छावणी उठली, घाण मागे राहिली!

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आपल्या समाजातील एका कुटुंबाने कुळाचारासाठी जेजुरीला जायचे ठरविले. घरातल्या आजींचे गुडघे गेलेले. ढाब्यावरच्या संडासात त्यांना बसता येत नाही. म्हणून मुलांनी स्वयंपाकघर, पलंग आणि संडास असलेली मोठी गाडी, ज्याला आता सगळे कॅराव्हॅन म्हणतात, ती भाड्याने घेतली. पाच माणसे शिवपुरीमार्गे निघाली. दुसऱ्या दिवशी गुन्याच्या पुढे गाडीतली मैल्याची टाकी भरली. आता ती रिकामी करायची कुठे?

पेट्रोल पंपावर विचारले, पंपवाला हसला. टोलनाक्यावर विचारले, तिथल्या माणसाला प्रश्नच कळेना. एका ढाबेवाल्याने मात्र तत्परतेने उत्तर दिले, "पीछे नाले में छोड़ दीजिए, सब वहीं छोड़ते हैं." घरातला थोरला मुलगा काही वर्षे अमेरिकेत राहिलेला. तिकडे कॅम्पग्राउंडवर, ट्रक-थांब्यांवर आणि काही राज्यांत तर महामार्गाच्या विश्रांतिस्थळीही अशा गाड्यांची टाकी उतरवायला जमिनीत झाकणाचे तोंड आणि शेजारी धुवायला पाण्याचा नळ असतो. त्याने नाल्याला साफ नकार दिला. शेवटी देवासच्या अलीकडे एका ओळखीच्या गृहस्थांच्या घरच्या सेप्टिक टाकीत ती घाण उतरविली. आजींचा कुळाचार पार पडला.

पण प्रश्न इथे संपत नाही, इथे सुरू होतो. त्या गृहस्थांची टाकी भरली की ती कुठे रिकामी होते? त्यांना माहीत नव्हते. आम्हांलाही आमच्या टाकीचे माहीत नाही. वाचकहो, तुम्हांला तुमच्या टाकीचे माहीत आहे का?

आम्ही आपल्याच लोकांत विचारून पाहिले. लष्करातील जुन्या वाड्यांपासून नव्या वसाहतींपर्यंत उत्तर एकच. टाकी तुंबली की कोणीतरी नंबर देतो, टँकर येतो, नळी लावतो, पैसे घेतो आणि जातो. कुठे जातो, हे कोणी विचारीत नाही. विचारायचे तरी कशाला? दारापुढची घाण गेली ना! शहराच्या वेशीबाहेर, रस्त्याच्या कडेला, अंधारात एखाद्या नाल्यापाशी टँकर मागे घेतलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना उत्तर ठाऊक आहे. आमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला आहे.

आपण अभिमानाने सांगतो की आमचे पूर्वज शिंद्यांबरोबर आले. खरेच आले. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला आणि त्या तळाचेच शहर झाले. म्हणून तर नाव लष्कर! त्याआधी ती छावणी चालती होती. १८०९ साली ब्रॉटन नावाचा एक इंग्रज अधिकारी तिच्याबरोबर राजपुतान्यात फिरला आणि त्याने आपल्या पत्रांचे पुस्तकही केले. चालत्या छावणीचा एक सोपा नियम असतो. जागा घाण झाली की तंबू उपटायचे आणि पुढे जायचे. घाण मागे राहते, ती कोणाची हे कोणी विचारीत नाही. पण छावणीचे शहर झाले की हा नियम मोडावा लागतो, कारण आता पुढे जायला जागा नसते. आमचे म्हणणे एवढेच की दोनशे वर्षे इथे राहूनही आपण या एका बाबतीत अजून छावणीतच आहोत.

मधल्या काळात आपण काय केले तेही लपवायचे कारण नाही. आपल्या वाड्यांना मागची गल्ली होती. त्या गल्लीकडे उघडणारे टोपलीचे संडास होते. रोज सकाळी मेहतर समाजाची बाई मागून येई आणि डोक्यावरून आपली घाण नेई. तिला पुढचे दार नव्हते. तिच्या टोपलीतले कुठे जाते, हे तेव्हाही आपण विचारले नाही. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः मैला उचलून आणि त्याचे खत करून दाखविले. गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला. त्यांची पुण्यतिथी आपण करतो, फोटोला हार घालतो. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र हाराखाली झाकतो.

टोपलीच्या संडासावर १९९३ साली कायद्याने बंदी आली. २०१३ च्या कायद्याने माणसाला संरक्षक साधनांवाचून गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरविणे हाही गुन्हा ठरला. तरी माणसे उतरविली जातात आणि मरतात. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख रुपयांची भरपाई ठरविली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख केली. न्यायालयाला रक्कम तिप्पट करावी लागते याचा अर्थ काय? याचा अर्थ एवढाच की टोपलीच्या जागी टँकर आला, पण आपली नजर बदलली नाही.

आता कोणी म्हणेल, हे सगळे मोठ्या शहरांचे, परदेशातल्यांचे प्रश्न. ग्वाल्हेरला हे कसे जमणार? त्यांना आम्ही एक आठवण देतो. धावत्या गाडीतल्या मैल्याचे काय करायचे, या प्रश्नाचे भारतातले उत्तर आपल्या ग्वाल्हेरात तयार झाले आहे! संरक्षण खात्याची संशोधन संस्था, जिला आपण सगळे डी.आर.डी.ई. म्हणतो, तिथल्या शास्त्रज्ञांनी बर्फाळ सीमेवरच्या जवानांसाठी जैव-शौचालयाचे तंत्र विकसित केले. कडाक्याच्या थंडीतही मैला कुजविणारे जिवाणू त्यांनी वाढविले. पुढे हेच तंत्र रेल्वेने घेतले. जैव-शौचालये बसविलेली पहिली गाडी म्हणून जिचे नाव घेतले जाते, ती २०११ सालची ग्वाल्हेर-वाराणसी बुंदेलखंड एक्स्प्रेस. तोवर आपली रेल्वे सगळे रुळांवर सोडीत असे. आज प्रवासी डब्यांखाली टाक्या आहेत. त्यांच्या देखभालीतले दोष महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालाने दाखविले, तेही खरे. पण जिथे सगळेच रुळांवर पडत होते, तिथे निदान टाकी आली, तपासणी आली, जबाबदार कोण हे ठरले. देशाच्या रेल्वेला रुळांवर घाण टाकू नकोस म्हणून शिकविणारे हे शहर, आणि त्याच शहरातले टँकर रस्त्याच्या कडेला रिकामे होतात! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

ही घाण जाते कुठे तेही बघा. सुवर्णरेखेचे आपण काय केले ते सांगायला नको, तिच्यासाठी उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठापर्यंत जावे लागले. आपण पितो ते पाणी तिघऱ्याचे, सांक नदीवर १९१६ साली बांधलेल्या धरणाचे. शिवपुरीचे सख्यासागर तळे माधोमहाराजांच्या काळातले. २०२२ साली त्याला रामसर पाणथळ क्षेत्राचा आंतरराष्ट्रीय मान मिळाला. त्याच्या भोवतीचे माधव राष्ट्रीय उद्यान २०२५ साली व्याघ्र प्रकल्प झाले. २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे सर्जनशील शहर म्हटले. म्हणजे पाहुणे येणार, बसगाड्या येणार, कॅराव्हॅनही येणार. महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण केले, केरळनेही त्याच वर्षी केले. गाड्यांचे स्वागत करणारे फलक सगळ्यांना हवे आहेत. त्या गाड्यांची टाकी उतरवायची जागा कोण बांधणार?

आमची मागणी साधी आहे. ग्वाल्हेरहून आग्रा, झांशी आणि शिवपुरीकडे जाणाऱ्या महामार्गांवर ठरावीक अंतराने मैला उतरविण्याची केंद्रे हवीत. बांधलेला ओटा, झाकणाचे तोंड, धुण्यासाठी पाणी, खाली बंद टाकी, आणि त्या टाकीतला मैला शुद्धीकरण केंद्रापर्यंत नेण्याची व्यवस्था. शहराजवळ तर वेगळे काही बांधायचीही गरज पडू नये. जलालपूर आणि लाल टिपारा इथे मलजल शुद्धीकरण केंद्रे आहेत. तिथे टँकरसाठी रीतसर तोंड ठेवावे, दिवसरात्र उघडे असावे, आणि ते आहे हे टँकरवाल्यांना व नागरिकांना फलक लावून सांगावे. महामार्ग प्राधिकरण दर चाळीस-साठ किलोमीटरवर प्रवासी सुविधा केंद्रे उभारण्याचे बोलते. तिथे उपाहारगृह आणि विजेच्या गाड्यांचे चार्जिंग असणार. मग एक झाकणाचे तोंड का नको?

यावर तीन आक्षेप येतात. पहिला, कॅराव्हॅन आहेत किती? थोड्या आहेत, कबूल. पण हे केंद्र त्यांच्यासाठी नाहीच. सेप्टिक टाक्यांचे टँकर, ढाब्यांच्या टाक्या, जत्रेतली आणि लग्नातली फिरती शौचालये, यात्रेच्या बसगाड्या, सगळ्यांना तेच तोंड लागते. आजींच्या गाडीने फक्त प्रश्न उघडा पाडला.

दुसरा आक्षेप, शेतकरी हे खत म्हणून घेतातच की! घेतात. पण कच्च्या मैल्यातली जंतांची अंडी मातीत महिनोन्‌महिने टिकतात आणि भाजीबरोबर परत आपल्या ताटात येतात. नीट वाळवून, कुजवून दिले तर ते सोन्यासारखे खत आहे. अप्पासाहेब हेच सांगत होते. न कुजविता ओतणे म्हणजे खत देणे नव्हे.

तिसरा आक्षेप पैशाचा. इथे आम्ही वाईचे उदाहरण देतो. होय, कृष्णाकाठचे आपले वाई! तिथल्या नगरपालिकेने २०१८ च्या सुमारास ठरविले की टाकी तुंबण्याची वाट पाहायची नाही. पाळीपाळीने, साधारण तीन वर्षांतून एकदा, प्रत्येक घराची टाकी उपसायची. दर वेळी वेगळे पैसे मागायचे नाहीत, खर्च स्वच्छता-करातून भागवायचा. आणि मैला शुद्धीकरण केंद्रातच न्यायचा. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनेही तीच वाट धरली. यातले शहाणपण लक्षात घ्या. टँकरवाला हा काही राक्षस नाही. केंद्र पंधरा किलोमीटर लांब असेल आणि तिथे उतरवायला उलट त्यालाच पैसे मोजावे लागणार असतील, तर डिझेल वाचवून तो जवळचा नालाच गाठणार. केंद्र जवळ असेल, फुकट असेल, आणि पावती दाखविल्यावरच त्याची मजुरी मिळणार असेल, तर तोच माणूस केंद्रावर रांग लावील. दोष देण्याआधी व्यवस्था द्या!

केंद्र सरकारचे मैला व्यवस्थापनाचे धोरण २०१७ सालचे आहे. पाणी प्रदूषणाचा कायदा तर १९७४ सालचा. त्याचे २४ वे कलम नदीनाल्यात आणि विहिरीत घाण सोडण्यास मनाई करते. कागदाची उणीव नाही. उणीव आहे ती विचारणाऱ्याची.

म्हणून आधी स्वतःपासून. आम्ही असे ठरविले आहे. पुढच्या वेळी घरची टाकी उपसली जाईल तेव्हा टँकर कुठे उतरणार हे विचारायचे आणि कुठे उतरला याची पावती मागायची. पावती नाही, तर पूर्ण पैसे नाहीत. आपल्या टाकीत कोणाही माणसाला उतरू द्यायचे नाही, मग तो स्वतः तयार असला तरी. गरज पडल्यास १४४२० या क्रमांकावर निगमाची गाडी मागवायची. समाजाच्या यात्रेसाठी बस ठरविताना चहा-जेवणाच्या थांब्यांबरोबर संडासाची आणि टाकीची सोयही आधी ठरवायची. गणेशोत्सवात मांडवामागे ठेवतो त्या फिरत्या शौचालयांचा मैला कुठे जातो, हे कंत्राटातच लिहून घ्यायचे.

आणि मग निगमाकडे. येत्या मासिक सभेत आम्ही ठराव मांडणार आहोत. त्यात तीन मागण्या असतील. शहरातल्या सर्व मैला-टँकरची नोंदणी व्हावी. शुद्धीकरण केंद्रांवर टँकर उतरविण्याची फुकट व चोवीस तासांची सोय असावी. महामार्गावर अशी केंद्रे व्हावीत म्हणून निगमाने आणि आपल्या खासदारांनी महामार्ग प्राधिकरणाकडे लेखी पाठपुरावा करावा. अर्ज कार्यालयात ठेवला आहे. सही करायला या, पण त्याआधी आपल्या वॉर्डाच्या पार्षदांना एकच प्रश्न विचारून या: "आमचा टँकर जातो कुठे?"

त्यांना उत्तर देता आले नाही, तर तेही आपल्यासारखेच छावणीतले! मग सगळे मिळूनच शहरात येऊ या.