पाठीवरचे बिऱ्हाड

दिवाळी आटोपली की तरुण मंडळींना गड बोलावू लागतात. जावे, अवश्य जावे. पण एका रात्रीच्या मुक्कामासाठी सारे बिऱ्हाड पाठीवर घेऊ नये. हरिश्चंद्रगड १,४२४ मीटर उंच. खिरेश्वरकडून चढताना तोलार खिंडीनंतर कातळ लागतो. तिथे दोन्ही हात मोकळे हवेत; हातातल्या पिशवीतला चकल्यांचा डबा तिथे वैरी होतो!

ओझे वाढते ते ‘असू दे, लागेल’ या घरच्या मंत्राने. चौघांत एक पातेले पुरते. तांदूळ, मुगाची डाळ, हळद, मीठ घरीच एकत्र करून न्यावे. वर दुसरे काही शिजत नाही, खिचडीच शिजते. जादा सदरा खुशाल काढा. घोंगडीला मात्र हात लावू नका, कार्तिकातली गडावरची रात्र हाडांत शिरते.

आणि पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणून काही शहाणे आधी तेच कमी करतात. वाटेवरचे ओहोळ तोवर आटू लागलेले असतात. घसा कोरडा पडला की पाय लटपटतात, आणि खाली दरी असते. माणशी तीन लिटर घ्याच. जागा उरत नसेल, तर चकल्या घरीच खाऊन निघा.