हॉटेलची खोली, घराच्या नावाने

या अंकासाठी आलेली एक पानभर जाहिरात आम्ही छापलेली नाही. टोरांटो डाउनटाउनमध्ये उभ्या राहू घातलेल्या एका टॉवरची ती होती. खाली हॉटेल, वर काँडो, आणि हॉटेलच्या खोल्याही सुट्या सुट्या विकायला काढलेल्या. खोली तुमची, सांभाळणार हॉटेल, उत्पन्न दरमहा नक्की, असा एकूण मजकूर. मंडळाला पैशांची गरज आहे. गणेशोत्सवाच्या हॉलचे भाडे वाढत जाते, वर्गणी त्या वेगाने वाढत नाही. तरीही जाहिरात परत पाठवली. वार्तापत्र सभासदांच्या पैशावर चालते, तेव्हा या निर्णयाची कारणेही त्यांच्यापुढे ठेवायला हवीत.

हॉटेल आणि घरे एका इमारतीत असण्याला आमचा विरोध नाही. शहराला दोन्ही हवे आहे. २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाचे सहा सामने टोरांटोच्या वाट्याला आले, तेव्हा हॉटेलच्या खोल्यांची चर्चा सगळ्यांनीच ऐकली. सबवेच्या तोंडावर, दाट वस्तीत, एकाच जमिनीवर दोन्ही गरजा भागत असतील तर उत्तमच. आमचा प्रश्न वेगळा आहे: त्या हॉटेलच्या धंद्याची जोखीम कोणाच्या खिशात जाते?

२०११ आणि २०१२ या दोन वर्षांत आपल्या डाउनटाउनमध्ये अशा चार इमारती उघडल्या. रिट्झ-कार्लटन, शांग्री-ला, यॉर्कव्हिलमधले फोर सीझन्स आणि बे-अ‍ॅडलेडच्या कोपऱ्यावरचा ६५ मजली ट्रम्प टॉवर. रस्त्यावरून पाहणाऱ्याला चारही सारख्याच उंच आणि झगमगीत. फरक होता तो कागदपत्रांत. पहिल्या तिन्हींत हॉटेल एका मोठ्या मालकाकडे राहिले आणि लोकांना विकली गेली ती वरची घरे. हॉटेल भरले तर नफा त्या मालकाचा, रिकामे राहिले तर तोटाही त्याचाच. फोर सीझन्सचे हॉटेल २०१६ मध्ये शाहिद खान यांच्या कंपनीने विकत घेतले. वर राहणाऱ्यांची घरे ज्यांची होती त्यांचीच राहिली.

चौथ्या इमारतीत वरची घरे होतीच, पण खालच्या हॉटेलच्या २६१ खोल्याही एकेक करून विकायला काढल्या होत्या. बिल्डर होती टॅलन इंटरनॅशनल. ट्रम्प यांच्या कंपनीने आपले नाव वापरू दिले होते आणि हॉटेल चालवण्याचे काम घेतले होते. खोली घेणाऱ्याने ती हॉटेलकडे सोपवायची, पाहुणे आले की भाड्यातला वाटा घ्यायचा, अशी ही योजना. अशी विक्री गुंतवणुकीच्या कायद्याखाली येऊ शकते, म्हणून बिल्डरने ओंटारिओच्या सिक्युरिटीज कमिशनकडून माहितीपत्रकाच्या बंधनातून सूट मिळवली. त्या सुटीला एक अट होती: भाडे किती मिळेल याचे अंदाज ग्राहकांना द्यायचे नाहीत. विक्रीच्या टेबलावर मात्र परताव्याचे तक्ते वाटले गेले. त्यांत अगदी वाईट स्थिती धरली तरी निम्म्याहून जास्त खोल्या भरलेल्या दाखवल्या होत्या. प्रत्यक्षात हॉटेल निम्मेही भरले नाही. भाडे आले नाही आणि खर्च मात्र थांबले नाहीत. मेंटेनन्स, मालमत्ता कर, हॉटेलचा व्यवस्थापन खर्च, कर्जाचे हप्ते, सगळे खोलीच्या मालकावर.

कोर्टात गेलेल्यांपैकी दोघांचे दावे कसोटी म्हणून आधी चालले. दोघे साधे मध्यमवर्गीय, कोणी मोठे गुंतवणूकदार नव्हेत. खालच्या कोर्टात ते हरले. ऑक्टोबर २०१६ मध्ये ओंटारिओच्या अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि विक्रीच्या वेळी दिलेले ते तक्ते दिशाभूल करणारे ठरवले. मार्च २०१७ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढचे अपील ऐकायला नकार दिला. तोवर इमारत रिसीव्हरच्या हाती गेली होती. आज तिथे सेंट रेजिस हॉटेल आहे. निकाल न्याय्य होता. पण हॉटेल उघडल्यापासून तो मिळेपर्यंत चार वर्षांहून जास्त काळ लोटला, आणि त्या काळात सामान्य घरातल्या माणसाने वकिलाची फी आणि कर्जाचे व्याज कुठून भरायचे?

या निकालाची माहिती आपल्या सभासदांपैकी फार थोड्यांना आहे, असे बोलताना जाणवते. इतक्या जवळ घडलेली गोष्ट, आणि आपल्या गप्पांत तिचा मागमूस नाही. याचे दुःख वाटते, कारण या जाहिराती ज्यांच्याकडे बघून लिहिल्या जातात ते आपण आहोत. मिसिसागा-ब्रॅम्प्टनमध्ये राहणारे, दोघेही नोकरी करणारे, हातात थोडी शिल्लक असलेले आणि शेअर बाजारापेक्षा विटा-सिमेंटवर भरवसा ठेवणारे. पुण्या-ठाण्यात आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन घेतलेल्या फ्लॅटने संसार सावरला, हे आपण पाहिलेले असते. जागेत घातलेला पैसा बुडत नाही ही समजूत तिथून येते. फ्लॅटच्या बाबतीत ती बरीचशी खरी आहे: भाडेकरू मिळाला नाही तर स्वतः राहता येते, भावाला देता येते, थांबता येते. हॉटेलच्या खोलीत यातले काहीच हाताशी राहत नाही. स्वतः किती रात्री राहायचे ते करार ठरवतो. पलंग कधी बदलायचा ते हॉटेल ठरवते आणि त्याचे पैसे तुम्ही देता. विकायला काढली तर कर्ज देणाऱ्या बँका हात आखडता घेतात, म्हणून गिऱ्हाईकही थोडे.

वरच्या मजल्यावरचे खरेखुरे घर घेणाऱ्यानेही सावध असावे. लिफ्ट, माल उतरवायची जागा, पोहण्याचा तलाव, बॉयलर, यांचा खर्च हॉटेल आणि घरे यांच्यात कसा वाटायचा याचा एक स्वतंत्र करार असतो. तो बिल्डरने विक्रीच्या आधीच बांधून ठेवलेला असतो आणि रहिवाशांची संस्था पुढे तो सहज बदलू शकत नाही. दरमहाच्या मेंटेनन्सचा आकडा बराचसा तिथे ठरतो. शिवाय इमारतीची काँडो म्हणून नोंदणी होईपर्यंत ताबा मिळूनही मालकी मिळत नाही. त्या मधल्या काळात भरलेल्या पैशातून कर्जाचे मुद्दल कमी होत नाही. उंच, मिश्र वापराच्या टॉवरमध्ये हा काळ लांबू शकतो.

आणि प्रस्ताव म्हणजे इमारत नव्हे. यंग आणि ब्लूर रस्त्यांच्या कोपऱ्यावर 'द वन' या नावाने एक टॉवर उभा राहू लागला. १९०१ पासून चाललेले स्टोलरीज हे कपड्यांचे दुकान होते ती जागा. जानेवारी २०१५ मध्ये एका शनिवार-रविवारी ते पाडायला घेतले तेव्हा जुन्या टोरांटोकरांना फार लागले होते. आराखडा फोस्टर अँड पार्टनर्सचा, उंची ८० मजल्यांच्या पुढची, खाली आंदाझ हॉटेल आणि वर काँडो असा थाट. ऑक्टोबर २०२३ मध्ये दीड अब्ज डॉलरहून अधिक कर्जासह तो प्रकल्प रिसीव्हरकडे गेला. हॉटेल आराखड्यातून गळले. चित्रातली लॉबी बघून पैसे भरणाऱ्याने हे लक्षात ठेवावे की चित्र करारात नसते, आणि वापर बदलण्याची मुभा बहुधा करारातच लिहिलेली असते.

ओंटारिओचा कायदा आपल्याला एक भक्कम आधार देतो आणि तो वाया घालवू नये. बिल्डरकडून नवा काँडो घेताना सही केल्यावर दहा दिवसांत कारण न देता करार रद्द करता येतो, भरलेले पैसे परत मिळतात. हे दहा दिवस वकिलाचे आहेत. रिअल्टरने सुचवलेला वकील नको, स्वतः शोधलेला घ्या. त्याला विचारा: मी घेतोय ते घर आहे की हॉटेलची खोली? अनामत ट्रस्ट खात्यात राहणार की विम्याच्या आधारावर बांधकामात वापरली जाणार? नव्या घरांच्या हमीचे काम पाहणाऱ्या टॅरियनचे संरक्षण या खोलीला लागू आहे का? पुढे विकताना एचएसटी बसेल का? हॉटेलशी झालेला करार मोडायचा झाला तर काय? तिकडे महारेराचा नोंदणी क्रमांक पाहिल्याशिवाय टोकन न देणारी आपली माणसे इकडे आल्यावर, ओळखीच्या माणसाने आणलेल्या कागदावर उभ्या-उभ्या सही करतात. ओळख ही आपल्या समाजाची ताकद आहे, म्हणूनच तिचा वापर विक्रीसाठी होतो. मंडळाच्या कार्यक्रमात, देवापुढे मांडलेल्या स्टॉलवर मिळालेल्या माहितीपत्रकाला एक विश्वास आपोआप चिकटतो. तो विश्वास मंडळाचा असतो. तो भाड्याने देण्याचा हक्क संपादकांनाही नाही आणि कार्यकारिणीलाही नाही.

सभासदांत रिअल्टर आणि मॉर्टगेज ब्रोकर आहेत, त्यांतले अनेक मंडळाचे जुने आणि हक्काचे आधारस्तंभ. हे लिखाण त्यांच्याविरुद्ध नाही. घरे विकण्याच्या, भाड्याने देण्याच्या, कर्ज मिळवून देण्याच्या त्यांच्या जाहिराती पूर्वीसारख्याच छापू. आमचा प्रस्ताव एवढाच आहे: परताव्याची हमी देणारी, भाड्याच्या उत्पन्नाचा आकडा सांगणारी किंवा हॉटेलची खोली घर म्हणून विकणारी जाहिरात वार्तापत्रात, स्मरणिकेत आणि कार्यक्रमाच्या स्टॉलवर घेऊ नये. त्यामुळे जे उत्पन्न बुडेल ते दिवाळी कार्यक्रमाच्या तिकिटात थोडी वाढ करून भरून काढावे, असे आमचे मत आहे. काहींना हे पटणार नाही. त्यांनी आम्हाला लिहावे. त्यांची पत्रेही पुढच्या अंकात येतील. नियमाचा मसुदा कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत ठेवत आहोत आणि मतदान वार्षिक सर्वसाधारण सभेत व्हावे अशी विनंती केली आहे.