नॉमिनी नेमला म्हणजे मृत्युपत्र झाले नव्हे



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत आणि पाणी यांवर लिहितो. आजचा विषय वेगळा वाटेल, पण तोही शिवारातलाच आहे. उचगाव गटात लागणीच्या नोंदी घेताना दर हंगामात एखाद-दुसरी नोंद अडतेच. ऊस उभा असतो, तोड तोंडावर आलेली असते आणि ज्याच्या नावावर ऊस आहे तो सभासद हयात नसतो. बिल कोणाच्या खात्यावर घालायचे? थोरला म्हणतो माझ्या, धाकटा म्हणतो मी सही देणार नाही. विकास सेवा संस्थेचे कर्ज डोक्यावर तसेच असते आणि सात-बारावर नाव लागेपर्यंत नवे पीककर्ज मिळत नाही. या सगळ्यात जिने त्या रानात जन्म घालवला त्या माउलीला कोणी विचारतही नाही.

मृत्युपत्राचा विषय काढला की पुष्कळ सभासद म्हणतात, "साहेब, आत्ताच कशाला? अजून ठणठणीत हाय की मी!" ठणठणीत आहात म्हणूनच लिहायचे. मृत्युपत्र करणाऱ्याचे चित्त ठिकाणावर असावे लागते. अंथरुणाला खिळल्यावर अंगठा घेतलेला कागद पुढे कोर्टात टिकवताना पोरांच्या नाकी नऊ येतात.

पूर्वी भावकीचे भांडण हातभर बांधाचे असे. आज उचगाव कोल्हापूर शहराला लागले आहे. एका अंगाला महामार्ग, दुसऱ्या अंगाला गांधीनगरची बाजारपेठ. रस्त्याकडेच्या गुंठ्याला जो भाव आहे, तो पाहून सख्ख्या भावांची मने फिरतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण बापाने कागद केला नाही तर पोरांना ती चढावीच लागते.

"आम्ही नॉमिनी दिलाय, आता काय राहिलं?" हा सगळ्यांत मोठा गैरसमज. आपल्या सगळ्यांच्या भिंतीवर 'कालनिर्णय' लटकलेले असते. त्याचे संस्थापक जयंत साळगावकर यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केले होते आणि आपल्या काही गुंतवणुकींना नॉमिनीही नेमले होते. २०१३ मध्ये ते वारले. त्यानंतर त्या गुंतवणुकी नॉमिनींच्या की वारसांच्या, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल झाला की, नॉमिनी झाल्याने कोणी मालक होत नाही. मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्रानेच ठरते. तो निकाल कंपनी कायद्याखालच्या गुंतवणुकींचा होता, पण त्यातला धडा आपल्याही कामाचा आहे. सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३० प्रमाणे कारखाना आपले शेअर्स नॉमिनीच्या नावे वर्ग करतो. तेवढ्याने वारसांचा आपसातला हक्क मिटत नाही, आणि जमिनीला तर तो नॉमिनी लागूच नाही.

आता जमिनीचा हिशेब पाहू. हिंदू, जैन, बौद्ध, शीख कुटुंबांना १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा मिळाला, आणि वडील ९ सप्टेंबर २००५ ला हयात असोत वा नसोत, तो हक्क राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केले. समजा, एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित ५ एकर जमीन आहे आणि वाटप झालेले नाही. घरात नवरा-बायको, एक मुलगा, दोन मुली. हिस्से पाच पडतात, प्रत्येकी १ एकर. म्हणजे बापाला मृत्युपत्राने देता येतो तो फक्त आपला १ एकर. पाचही एकर लेकाला लिहून दिले तरी चार एकरांपुरता तो कागद पोकळ. मृत्युपत्र नसेल तर त्याचा तो एकर पत्नी, मुलगा आणि दोन्ही मुली यांच्यात सारखा, म्हणजे १० गुंठ्यांप्रमाणे जातो. त्याची आई हयात असेल तर तीही वाटेकरी. स्वकष्टाने घेतलेली जमीन मात्र पूर्ण आपल्या मर्जीने देता येते. वडिलांकडून आलेले प्रत्येक रान कायद्याने वडिलोपार्जित ठरतेच असे नाही, तेव्हा एवढे एक वकिलाला कागद दाखवून विचारावे. मुस्लिम सभासदांना वारसांच्या संमतीशिवाय सर्वसाधारणपणे एक-तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्र करता येते.

आमचे स्पष्ट मत असे की, लेकींना वगळण्यासाठी मृत्युपत्र करू नये. तसा कागद भांडण मिटवत नाही, पुढच्या पिढीवर ढकलतो. दुसरे, "मुलांनी आईस सांभाळावे" एवढ्या एका ओळीवर पत्नीला सोडू नये. सांभाळणे हे मनावर असते, सात-बारावर नाही. तिच्या मालकीचे म्हणून ठराविक क्षेत्र, गट नंबर आणि चतुःसीमा घालून, स्पष्ट लिहावे.

आणि पाणी विसरू नये. विहिरीतला हिस्सा, मोटरचे वीज कनेक्शन, पाणीपुरवठा संस्थेचे शेअर्स, पाटाची वाट ही ज्याच्या त्याच्या वाटणीसह लिहावी. रान एकाला आणि पाणी दुसऱ्याला गेले तर दोघांचाही ऊस वाळतो. कर्ज कोणी फेडायचे हेही लिहावे.

कागद करणे अवघड नाही. साधा कागद चालतो. शंभराचा की पाचशेचा हा प्रश्नच नाही, मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही. आपली सही वा अंगठा दोन साक्षीदारांनी पाहावा आणि त्यांनी आपल्यासमोर सह्या कराव्यात. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नये. साक्षीदार वयाने आपल्यापेक्षा लहान असावेत, कारण पुढे कोर्टात उभे राहायची वेळ त्यांच्यावर येते. वय झालेले असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडावा. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे ती करावी असे आम्ही सुचवू. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात किती घरांतल्या ट्रंका भिजल्या हे आपण पाहिले आहे. नोंदलेल्या कागदाची नक्कल मिळते. आणि कागद कोठे आहे हे घरात एकाला तरी सांगून ठेवावे.

"लिहून दिले की पोरे विचारणार नाहीत" ही भीती आम्हांस समजते. ती बक्षीसपत्राला लागू आहे, कारण बक्षीसपत्र पुरे झाले की जमीन हातची जाते. मृत्युपत्राचा अंमल आपल्या पश्चात होतो. तोवर मालक आपणच, आणि ते हवे तेव्हा बदलता येते.

बदलायलाच हवे, हेही सांगतो. बेणे दर तीन वर्षांनी बदला असे आम्ही कानीकपाळी ओरडतो, कारण जुने बेणे घटत जाते. मृत्युपत्रही तसेच काढून वाचावे. घरात लग्न झाले, नातवंड आले, कोणी गेले, रान घेतले वा विकले, साक्षीदार वारला की नवे करावे. लग्न झाले म्हणून हिंदूचे जुने मृत्युपत्र आपोआप रद्द होत नाही. नव्यावर तारीख घालून "यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द" असे लिहावे. कायद्यात शेवटचे खरे धरतात, मग आधीचे नोंदलेले का असेना.

संचालक मंडळास आमची एक सूचना आहे. लागणीची नोंद घेताना फॉर्मवर एक रकाना वाढवावा: नॉमिनी तपासला का? आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गटात एक दिवस वकील बसवावा. ऊस वाढवण्याइतकेच तो ऊस योग्य घरात पोहोचवणेही कारखान्याचे काम आहे. सभासदांनी तोवर एवढे करावे: गट कार्यालयात येऊन शेअर्सवर कोणाचे नाव आहे ते पाहून जावे. पुष्कळांचे नॉमिनी अजून वारलेले आई-वडीलच निघतील.

— ऊस विकास अधिकारी