दिनक्रमाचा भार कोणी वाहावा?

मार्गशीर्ष पौर्णिमेस, दत्तजयंतीच्या निमित्ताने, नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील सारंगखेडा या तापीकाठच्या गावी एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा मोठा बाजार उभा राहतो, हे महाराष्ट्रास ठाऊक आहे. पुनर्वसनाच्या कार्यास वाहिलेल्या मासिकाने या बाजाराचे स्मरण का करावे, असे वाचकांस वाटेल. परंतु मेंदूस इजा झालेल्या माणसाच्या दिनचर्येसंबंधी आपल्या शास्त्राच्या दप्तरी जे जुने आणि बोलके दाखले आहेत, त्यांपैकी एक थेट घोड्यांच्या पागेतून आलेला आहे.

१३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट प्रांती लोहमार्गाच्या कामावरचा मुकादम फिनियस गेज याच्या गालातून शिरलेली सव्वातेरा पौंडांची पहार, सुरुंगाच्या स्फोटासरशी, कवटी भेदून बाहेर पडली. तो वाचला, पण पूर्वीचा दक्ष मुकादम आता लहरी, उर्मट आणि कोणताही बेत तडीस न नेणारा झाला आहे, असा शेरा त्याचे वैद्य जॉन हार्लो यांनी १८६८ च्या आपल्या वृत्तांतात नोंदविला, आणि बहुतेक पाठ्यपुस्तके त्या शेऱ्यापाशीच थांबतात. पुढची हकीकत मात्र आपल्या अधिक उपयोगाची आहे. हाच इसम काही काळ भाड्याच्या घोड्यांच्या पागेत राबला, १८५२ साली चिली देशी गेला आणि १८५९ पर्यंत तेथे घोड्यांची निगा राखून सहा घोड्यांची प्रवासी गाडी हाकीत राहिला. १८६० साली अपस्माराच्या झटक्यांनी त्याचा अंत झाला. पहाटे उठणे, खरारा करणे, चंदी घालणे, जुंपणी करणे आणि ठरल्या वेळी उतारूंसमोर रुजू होणे, या रोजच्या शिरस्त्यानेच त्याचे विस्कटलेले वर्तन पुन्हा सावरले असावे, असे अनुमान ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ माल्कम मॅकमिलन यांनी मांडले. अनुमानच ते, पण आपल्या नित्याच्या अनुभवाशी जुळणारे.

कारण ललाटखंडास धक्का बसला म्हणजे हातापायांतले कसब सहसा जात नाही. जाते ते कामास आरंभ करण्याचे, कामांचा क्रम लावण्याचे आणि एक संपवून दुसऱ्याकडे वळण्याचे सामर्थ्य. घरची मंडळी यास आळस म्हणतात आणि दोष स्वभावाच्या माथी मारतात. स्मृतीचेही असेच आहे: १९५३ च्या शस्त्रक्रियेनंतर नवे काहीच स्मरणात न राहणारा हेन्री मोलेसन आरशात पाहून आकृती गिरविण्यात दिवसागणिक तरबेज होत गेला, जरी आपण हे कालही केले होते याची त्यास प्रत्येक वेळी गंधवार्ता नसे. सवय आणि आठवण यांची खाती मेंदूत निरनिराळी आहेत. एक बुडीत निघाले तरी दुसऱ्यावर व्यवहार चालविता येतो.

असे असता आपण करतो काय? रुग्णालयातून निरोप देताना एक छापील वेळापत्रक रुग्णाच्या हाती ठेवतो, म्हणजे जे सामर्थ्य त्याने गमावले त्याच्याच भरवशावर त्याचा दिवस सोपवितो. दिनक्रमाचा भार दुखावलेल्या मेंदूने वाहावयाचा नसून भोवतालाने वाहावयाचा आहे, हे या संपादकीयाचे एकमेव प्रतिपाद्य होय. ठाणावरचे जनावर चंदीची वेळ टळली की खूर आपटते. त्यास कागद लागत नाही आणि ते टोमणाही मारीत नाही. घोडा नसेल तेथे शेळी असेल, कापसाची वेचणी असेल, देवळातील सकाळची झाडलोट असेल. १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू करणाऱ्या कमला निंबकर यांनी जी विद्या या देशात रुजविली, तिचे मर्मही हेच की काम हे औषध व्हावयाचे तर ते त्या माणसाच्या जीवनातले असावे लागते.

अर्थात काम नेमून देताना अविचार नको. ज्यास झटके येतात किंवा येण्याचा संभव आहे, त्यास खरारा करू द्यावा तोही सोबतीनेच, आणि रपेट, ट्रॅक्टर व विहिरीचा काठ यांस मनाईच असावी. तापीकाठच्या शेतकऱ्याचा दिवस आणखी एका हुकमाने मोडतो: शेतीपंपांची वीज पाळीपाळीने रात्री येते आणि माणूस पाणी भरावयास जागतो. जागरण झटक्यास निमंत्रण देते, हे आपण जाणतो. मग रात्रीची पाळी घरातील दुसऱ्या कोणी घ्यावी, ही तजवीज औषधाच्या चिठ्ठीइतक्याच ठामपणे कुटुंबास सांगणे आपले काम नव्हे काय? यात्रेचे दिवसही तसेच. ध्वनिवर्धक, गर्दी, पाहुणे, अवेळी जेवण यांनी काही महिन्यांत बसलेली घडी थोड्याच दिवसांत विस्कटते. यात्रेस जाऊ नये असे आम्ही म्हणणार नाही. सकाळच्या गार वेळी, थोडा वेळ, एका सोबत्यासह जावे आणि दुपारची विश्रांती व औषधाची वेळ मोडू नये.

व्यवसायबंधूंनी यापुढे तीन गोष्टी शिरस्त्यात आणाव्यात. पहिली, इजेपूर्वीचा त्या माणसाचा दिवस उठल्यापासून निजेपर्यंत तपशीलवार विचारून टिपणात लिहावा, आणि नवा क्रम त्याच्याच खुंट्यांवर टांगावा. दुसरी, एका वेळी एकच काम शिकवावे, तेही चुकू न देता. कारण चूक विसरता येण्यासाठी ती झाल्याची आठवण लागते, आणि जेथे आठवणच उणी तेथे चूकच सवय होऊन बसते. तिसरी, घरात हा क्रम रोज चालविणारी जी आई किंवा पत्नी असते, तिची विश्रांती हीही उपचाराचा भाग म्हणून नोंदवावी; अन्यथा आपण भार मेंदूवरून काढून एकाच जिवावर लादला, एवढेच होईल. जाऊ, दीर, शेजारी यांस प्रत्येकी एकेक वेळ वाटून द्यावी आणि पुढच्या भेटीत रुग्णाइतकीच त्यांचीही विचारपूस करावी.