चेंडूचा दाब व खरें माप

अमेरिकेंतील ‘फर्स्ट’ या संस्थेनें शाळांतील मुलामुलींसाठीं यंत्रमानवांची स्पर्धा १९९२ सालीं न्यू हॅम्पशायर राज्यांत सुरू केली. तिच्या २०२० सालच्या खेळांत सात इंच व्यासाचे, फोमचे पिवळे चेंडू यंत्रानें उचलून लक्ष्यांत फेंकावयाचे होते. अशा यंत्रांत चेंडू बहुधा फिरतें चाक व त्यासमोरील फळी यांमधील फटींतून जातो. फट रुंद झाली तर चेंडू घसरतो; फार अरुंद झाली तर मोटर अडते व चेंडू फाटतो. तेव्हां चेंडू किती दाबावा व त्यास जोर किती लागेल, हें आधीं ठरविलें पाहिजे.

कित्येकांचें म्हणणें असें कीं, मोजमापांत वेळ कां दवडावा? यंत्र करावें, चालवावें, न चाललें तर फट बदलावी. यांत तथ्यांश आहे. चालवून पाहिल्यावांचून कोणतेंही यंत्र सिद्ध होत नाहीं. परंतु न चाललेलें यंत्र आपल्या दोषाचें कारण सांगत नाहीं. तें शोधावयास आंकडेच लागतात.

शिवाय येथें अंदाज सहज फसवितो. स्प्रिंग दुप्पट दाबावयाची तर जोरही दुप्पट, हा रॉबर्ट हूक याचा १६७८ सालचा नियम मुलांस पाठ असतो. पण चेंडू जसजसा दाबावा, तसतसा त्याचा फळीस टेकलेला भाग वाढत जातो. हाइनरिख हर्ट्झ यानें १८८२ सालीं मांडलेल्या गणिताप्रमाणें, गोल वस्तु दुप्पट दाबण्यास सुमारें २.८ पट जोर लागतो. हें गणितही थोड्या दाबापुरतेंच खरें. फोमचा चेंडू पुष्कळ दाबला असतां तेंही अपुरें पडतें. म्हणून प्रत्यक्ष चेंडूच मोजला पाहिजे.

साधन अगदीं साधें आहे. वजनकांट्यावर चेंडू ठेवून कांटा शून्यावर आणावा, सपाट फळीनें वरून हळूहळू दाबावें, आणि दर अर्ध्या इंचास वजन टिपावें. एक किलोग्रॅम वजन म्हणजे सुमारें ९.८ न्यूटन जोर. नवा चेंडू व वापरानें मऊ झालेला चेंडू, दोन्ही मोजावे. कारण खेळांत दोन्ही हातीं येतात.

आमच्या मतें अशा स्पर्धेंत चकचकीत यंत्राइतकाच मान या टिपणवहीस मिळावा. जो विद्यार्थी आपल्या मनाविरुद्ध आलेला आंकडाही जसाच्या तसा लिहितो, त्यास सत्याचा धडा मिळाला असें आम्ही समजतों. पवित्र शास्त्रानें खऱ्या वजनमापांचा आग्रह बाजारासाठीं धरला आहे. तो प्रयोगशाळेंतही तितकाच लागू आहे.